अमेरिकेतलं नागरिकत्व, घटनात्मक हक्क आणि न्यायालयाचे निकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः ग्रीनकार्डवर किंवा एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असलेल्या आणि आई-वडिलांचे अर्ज भरून देणाऱ्या मराठी मंडळींकडून येतात. उत्तरं केंद्रीय कायद्याला धरून आहेत. कधीही अटक झाली असेल, जुना खटला असेल किंवा आधीच्या एखाद्या अर्जात खोटी माहिती गेली असेल, तर इथलं वाचून स्वतः फॉर्म भरू नका. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा.

१. बिल ऑफ राइट्स म्हणजे नेमकं काय? ते मूळ घटनेत नव्हतं का?

नव्हतं. १७८७ साली लिहिलेल्या घटनेत भर होता तो सरकारच्या रचनेवर: काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, न्यायालयं आणि त्यांच्या अधिकारांच्या मर्यादा. हक्कांची यादी नाही म्हणून अनेक राज्यं कुरकुरत होती. त्यातून १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यांनाच बिल ऑफ राइट्स म्हणतात. आजवरच्या एकूण दुरुस्त्या २७.

पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, हे हक्क सुरुवातीला फक्त केंद्र सरकारविरुद्ध होते. राज्य सरकारने गळचेपी केली तर बिल ऑफ राइट्सचा उपयोग नव्हता. बॅरन विरुद्ध बाल्टिमोर (१८३३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्टच सांगितलं. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि तिच्या आधारावर न्यायालयाने विसाव्या शतकात एकेक हक्क राज्यांनाही लागू केला: भाषणस्वातंत्र्य १९२५ पासून, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाद करण्याचा नियम १९६१ मध्ये, शस्त्र बाळगण्याचा हक्क तर थेट २०१० मध्ये. काही गोष्टी अजूनही लागू नाहीत. उदाहरणार्थ, गंभीर गुन्ह्यासाठी ग्रँड ज्युरी (आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) बोलावण्याचं बंधन राज्यांवर नाही.

२. मी एच-१बीवर आहे. हे हक्क मला आहेत का, की फक्त नागरिकांना?

बहुतेक सगळे आहेत. चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षण आणि पाचव्या-चौदाव्या दुरुस्तीतली योग्य कायदेशीर प्रक्रिया हे हक्क ‘व्यक्ती’ला दिलेले आहेत, नागरिकाला नव्हे. यावरचा पहिला मोठा निकाल यिक वो विरुद्ध हॉपकिन्स, १८८६ चा. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागे. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी होत्या. सुमारे २०० चिनी अर्जदारांपैकी एकालाही परवाना मिळाला नाही. इतरांच्या ८० अर्जांपैकी एक सोडून सगळे मंजूर. नियमाच्या मजकुरात चिनी लोकांचा उल्लेखही नव्हता, पण अंमलबजावणीतला भेदभाव पुरेसा आहे आणि परदेशी माणसालाही हे संरक्षण आहे, असा निकाल न्यायालयाने दिला.

भारतात कलम १४ सगळ्यांना आणि कलम १९ फक्त नागरिकांना आहे. अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीत अशी विभागणी नाही, त्यामुळे बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हालाही आहे. पण ते हद्दपारीपासून वाचवेलच असं धरून चालू नका. हॅरिसियाडेस विरुद्ध शॉनेसी (१९५२) मध्ये पूर्वी कधीतरी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य असलेल्यांची हद्दपारी न्यायालयाने वैध ठरवली होती.

मतदान, केंद्रीय ज्युरीत बसणं आणि बहुतेक केंद्रीय सरकारी नोकऱ्या नागरिकांनाच. बंदुकीच्या बाबतीत एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना ती बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. मित्रासोबत शूटिंग रेंजवर जाण्याआधी हे माहीत असावं.

३. सोशल मीडियावरच्या पोस्टमुळे कंपनीने काढून टाकलं. मग अभिव्यक्तिस्वातंत्र्य गेलं कुठे?

ते सरकारविरुद्ध आहे, मालकाविरुद्ध नाही. खाजगी कंपनी, सोसायटी, देवस्थानाचं मंडळ यांना पहिली दुरुस्ती बांधत नाही. तुमची ढाल असलीच तर ती साध्या कायद्यांत शोधावी लागते. वंश, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून भेदभाव झाला असेल तर १९६४ चा नागरी हक्क कायदा. काही राज्यांत याहून जास्त संरक्षण आहे. सरकारी शाळेची गोष्ट वेगळी, कारण ती सरकारच आहे. झेंड्याला सलाम करून प्रतिज्ञा म्हणायची सक्ती शाळा करू शकत नाही (बार्नेट, १९४३), आणि शांतपणे निषेधाची काळी पट्टी बांधणाऱ्या विद्यार्थ्याला घरी धाडू शकत नाही (टिंकर, १९६९).

४. पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करायचं? ‘राइट्स वाचून दाखवले नाहीत तर केस उडते’ हे खरं का?

केस उडत नाही. मिरांडा विरुद्ध ॲरिझोना (१९६६) चा इशारा दोन गोष्टी एकत्र आल्या तरच लागतो: तुम्ही ताब्यात असणं आणि चौकशी चालू असणं. इशारा न देता घेतलेला जबाब तुमच्याविरुद्ध मुख्य पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढंच. बाकीचा पुरावा तसाच राहतो. रस्त्याच्या कडेला नेहमीच्या थांब्यात “किती वेगात होतात?” असं विचारायला मिरांडा लागत नाही, आणि तुमचं उत्तर मात्र नोंदवलं जातं.

प्रत्यक्षात करायचं ते असं: हात स्टिअरिंगवर ठेवा, लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा मागितल्यावर द्या, आणि कागद ग्लव्हबॉक्समधून काढण्यापूर्वी सांगून काढा. उतरायला सांगितलं तर उतरा, तो आदेश पोलिस देऊ शकतात (मिम्स, १९७७). गाडीची झडती घेऊ का, असं विचारलं तर “माझी संमती नाही” असं शांतपणे म्हणा. अडवू मात्र नका. सबळ कारण असेल तर गाडीला वॉरंट लागत नाही. नुसतं गप्प बसणंही पुरेसं नाही. गप्प राहण्याचा हक्क वापरतोय असं तोंडाने म्हणावं लागतं (सॅलिनास, २०१३). चलान लिहून झाल्यावर निव्वळ अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही (रॉड्रिग्ज, २०१५).

दारूच्या संशयावर अटक झाली तर श्वासाच्या चाचणीला वॉरंट लागत नाही, रक्ताच्या चाचणीला सहसा लागतं (बर्चफील्ड, २०१६). श्वास द्यायला नकार दिला तर बहुतेक राज्यांत लायसन्स निलंबित होतं.

परदेशी नागरिकासाठी सगळ्यांत महत्त्वाचा निकाल पडिया विरुद्ध केंटकी (२०१०). गुन्हा कबूल केल्यास हद्दपारी होऊ शकते का, हे फौजदारी वकिलाने अशिलाला सांगायलाच हवं. म्हणून “छोटी केस आहे, कबूल करून मोकळे व्हा” असा सल्ला ऐकण्याआधी इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते लेखी मागा. फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो (प्रश्न १२ पाहा). इमिग्रेशन न्यायालयात तो मिळत नाही, कारण ती कारवाई दिवाणी समजली जाते.

५. नागरिकत्वाचा अर्ज नक्की कधी करता येतो?

वय १८ पूर्ण आणि ग्रीनकार्ड मिळून ५ वर्षं. अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन किमान ३ वर्षं त्याच्यासोबत राहत असाल आणि जोडीदार या काळात नागरिक असेल, तर ३ वर्षं. मुदत पूर्ण होण्याआधी ९० दिवस एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) दाखल करता येतो. ९१ दिवस आधी दाखल केलात तर तो नामंजूर होतो आणि फी परत मिळत नाही. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. कमी उत्पन्न असेल तर ३८०. जिथून अर्ज करता त्या राज्यात ३ महिने राहिलेले असावेत. ग्रीनकार्डची मुदत मध्येच संपत असेल तर एन-४०० ची पावती ती २४ महिने वाढवते. संपलेलं कार्ड आणि पावती दोन्ही जवळ ठेवा.

६. आई-बाबा दरवर्षी पाच-सहा महिने पुण्याला असतात. त्यांना नागरिकत्व मिळेल का?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. हिशेब दोन आहेत आणि ते वेगळे ठेवावे लागतात.

पहिला, सलग वास्तव्य. एका फेरीत ६ महिन्यांपेक्षा जास्त पण एका वर्षापेक्षा कमी बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची: इथलं घर, कुटुंब, टॅक्स रिटर्न, नोकरी सोडली नव्हती याचे कागद. वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य नक्कीच तुटतं, आणि परत आल्यापासून ४ वर्षं १ दिवस झाल्यावरच पुन्हा अर्जाची सोय होते.

दुसरा, प्रत्यक्ष हजेरी. अर्ज करायच्या दिवशी मागच्या ५ वर्षांत किमान ३० महिने अमेरिकेत काढलेले असावेत (३ वर्षांच्या नियमात १८ महिने). निघण्याचा दिवस आणि परतीचा दिवस, दोन्ही इथले धरतात. दर वर्षी ५ महिने भारतात काढले तर इथे ३५ महिने भरतात, प्रश्न नाही. दर वर्षी ७ महिने काढले तर फक्त २५ भरतात, शिवाय प्रत्येक फेरी ६ महिन्यांवर गेली. दिवाळी ते मेअखेर असा बेत आखणाऱ्यांनी तारखा कॅलेंडरवर मोजाव्यात.

री-एन्ट्री परमिट घेतलं की सगळं सुरक्षित, हा गैरसमज आहे. ते परत येताना ग्रीनकार्ड सोडलं नाही हे दाखवायला उपयोगी, पण नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य राखत नाही. टॅक्स नॉन-रेसिडेंट म्हणून भरला असेल तरी अर्जात अडतं.

आणखी एक. म्हाताऱ्या माणसांना विमानतळावर “तुम्ही इथे राहतच नाही” असं म्हणत आय-४०७ हा ग्रीनकार्ड सोडण्याचा फॉर्म पुढे केला जातो. सही ऐच्छिक आहे. “मला सही करायची नाही, मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जायचंय” एवढं वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

७. परीक्षेत १०० प्रश्न आहेत की १२८?

अर्ज कधी दाखल केलात यावर अवलंबून. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा नंतर दाखल झालेल्या अर्जांना नवी परीक्षा: १२८ प्रश्नांच्या संचातून जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर हवेत. १२ बरोबर झाले किंवा ९ चुकले की अधिकारी थांबतो. त्याआधीच्या अर्जांना जुनी: १०० पैकी १०, त्यांत ६ बरोबर. राज्यपाल, सिनेटर, सभापती यांची नावं इंटरव्ह्यूच्या दिवशी जे पदावर असतील त्यांची सांगावी लागतात. वर्षापूर्वी छापलेल्या फ्लॅशकार्डवर विसंबू नका.

नापास होणारे लोक इतिहासात कमी आणि एन-४०० मधल्या ‘हो-नाही’च्या प्रश्नांत जास्त अडकतात. इंग्रजी बोलणं याच प्रश्नांवरून तपासलं जातं. ‘शस्त्र धारण करायला तयार आहात का’, ‘कधी छळ किंवा नरसंहारात भाग घेतला का’ असे शब्द समजले नाहीत आणि तुम्ही भलतीकडेच मान डोलावली तर अधिकारी समजूत तपासायला उलट प्रश्न विचारतो. वाचन आणि लेखनात तीनपैकी एक वाक्य बरोबर आलं की झालं. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा संधी मिळते, फक्त राहिलेल्या भागाची. दुसऱ्यांदाही नापास झाल्यावर अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत एन-३३६ भरून सुनावणी मागता येते.

८. आईला इंग्रजी येत नाही. मराठीत परीक्षा देता येईल का?

येईल, पण अटी कडक आहेत. अर्जाच्या दिवशी वय ५० आणि ग्रीनकार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झालेली असतील तर इंग्रजी माफ. इतिहास-नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्यासह मराठीत देता येते. दुभाषी तुम्हीच आणायचा. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर प्रश्नसंचही छोटा होतो: २० प्रश्नांतून १०, त्यांत ६ बरोबर.

आता हिशेब करा. ६२ व्या वर्षी मुलामार्फत ग्रीनकार्ड मिळालेल्या आजींना १५ वर्षांच्या नियमासाठी ७७ पर्यंत थांबावं लागतं. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक आई-वडिलांना पाच वर्षांनी अर्ज करायचा असेल तर इंग्रजीतच परीक्षा द्यावी लागते. स्मृतिभ्रंशासारखा आजार असेल तर डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून एन-६४८ (आजारामुळे परीक्षेतून सूट मागण्याचा फॉर्म) भरून घ्यावा. ‘वय झालं, आठवत नाही’ हे कारण पुरत नाही. आजाराचं नाव आणि त्यामुळे शिकता का येत नाही याचा थेट संबंध लिहिलेला हवा.

९. लायसन्स काढताना माझ्याकडून चुकून मतदार नोंदणी झाली. आता काय?

मत देऊ नका, ही पहिली गोष्ट. वाहन कार्यालयात लायसन्ससोबत मतदार नोंदणीचा प्रश्न येतो (१९९३ च्या कायद्यामुळे), आणि घाईत ‘हो’वर टिक होते. आपण नागरिक आहोत असं खोटं सांगणं हे अमेरिकेत येण्यावर कायमची बंदी घालणारं कारण ठरू शकतं. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्याचं पत्र आणि अर्जाची मूळ प्रत मागून ठेवा, आणि एन-४०० भरण्याआधी वकिलाला दाखवा. अर्जातला हा प्रश्न लपवून ‘नाही’ लिहिणं मूळ चुकीपेक्षा महाग पडतं.

ज्युरीचं बोलावणं आलं तर ‘नागरिक नाही’वर खूण करून परत पाठवा. नोकरीच्या आय-९ फॉर्मवरही चुकीच्या खान्यात खूण करू नका. इंटरव्ह्यू पास झाला म्हणजे नागरिक झालात असं नाही; ओथ (नागरिकत्वाची शपथ) घेतल्यावरच मतदार नोंदणी करा. अपवाद म्हणून मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही गावांत स्थानिक निवडणुकीत परदेशी रहिवाशांना मत देता येतं, पण नागरिकत्व अर्जाआधी त्या भानगडीत न पडलेलं बरं.

१०. आम्ही ओथ घेतली तेव्हा मुलगी १७ वर्षांची होती. तिला वेगळा अर्ज लागेल का?

नाही. २००० च्या कायद्यानुसार मूल १८ च्या आत असेल, ग्रीनकार्डवर असेल आणि नागरिक झालेल्या पालकाच्या ताब्यात अमेरिकेत राहत असेल, तर ते पालकाच्या ओथच्या क्षणी आपोआप नागरिक होतं. तिला थेट पासपोर्ट काढा. एन-६०० भरून मिळणारं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, पण पुढे कामाला येतं. ओथ तिच्या १८व्या वाढदिवसानंतर झाली तर तिला स्वतःचा एन-४०० भरावा लागतो. मुलगा सतराव्या वर्षात असताना ओथची तारीख पुढे ढकलणं हा न परवडणारा निष्काळजीपणा आहे.

११. इथे जन्मलेलं मूल आपोआप नागरिक असतं ना? आम्ही दोघं एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर आहोत.

चौदाव्या दुरुस्तीची सुरुवातच या प्रश्नाने होते. ड्रेड स्कॉट (१८५७) मध्ये न्यायालयाने कृष्णवर्णीय नागरिक होऊच शकत नाहीत असं म्हटलं होतं. ते पुसून टाकायला ही दुरुस्ती आली. वोंग किम आर्क (१८९८) मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला मुलगा जन्माने नागरिक ठरला, आणि तेव्हा त्याच्या आईवडिलांना कायद्याने नागरिक होताच येत नव्हतं. परदेशी राजदूतांची मुलं हा जुना अपवाद. मूळ रहिवासी जमातींतल्या लोकांना १८८४ च्या निकालाने वगळलं होतं. त्यांना १९२४ च्या कायद्याने नागरिकत्व मिळालं.

तुमच्यासारख्यांची काळजी २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशामुळे आहे. १९ फेब्रुवारी २०२५ नंतर जन्मलेल्या बाळाची आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील ना नागरिक ना ग्रीनकार्डधारक, असं असेल तर त्याला नागरिक मानू नये, असा तो आदेश. खालच्या न्यायालयांनी तो रोखला. २७ जून २०२५ च्या ट्रम्प विरुद्ध कासा निकालाने मूळ प्रश्न सोडवला नाही. देशभर मनाई देण्याच्या न्यायाधीशांच्या अधिकारावर तो होता. डिसेंबर २०२५ मध्ये मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला. तेव्हा बाळाचा जन्मदाखला आणि आईवडिलांच्या त्या दिवशीच्या व्हिसाचे कागद, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) सकट, जपून ठेवा. निकाल काहीही लागो, ते लागतीलच.

१२. निकाल शेकड्याने आहेत. कुठले माहीत असायलाच हवेत?

मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३): घटनेशी विसंगत कायदा न्यायालय रद्दबातल ठरवू शकतं. हा अधिकार घटनेत शब्दांत लिहिलेला नाही. ब्राउन (१९५४): सरकारी शाळांतली वर्णावरून केलेली विभागणी घटनाबाह्य, १८९६ च्या प्लेसी निकालातलं ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व शिक्षणातून उखडलं गेलं. लव्हिंग (१९६७): आंतरवंशीय लग्नांवरची बंदी गेली. ओबर्गफेल (२०१५): समलिंगी विवाह. डॉब्स (२०२२): १९७३ चा रो निकाल फिरवला, गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे परत गेला. म्हणजे निकालही कायमचे नसतात.

आमच्या मते गिडियन विरुद्ध वेनराइट (१९६३) सगळ्यांत वाचण्याजोगा. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियनने पेन्सिलने लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयात पाठवला. वकील करायला पैसे नव्हते आणि राज्याने तो दिला नव्हता. न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. वकिलासह पुन्हा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

१३. भारतीयांना पूर्वी नागरिकत्व मिळत नव्हतं, हे खरं का?

हो. नागरिकत्व ‘गोऱ्या व्यक्तीं’ना आणि आफ्रिकी वंशीयांना, असा कायदा होता. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की शास्त्रीय वर्गीकरणात तो कॉकेशियन ठरला तरी सामान्य माणसाच्या समजुतीत गोरा नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्याचे खटले सुरू झाले. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिक होता आलं, वर्षाला कोटा फक्त १०० जणांचा. खरी दारं १९६५ च्या कायद्याने उघडली. थिंडला स्वतःला माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं.

१४. नागरिक झाल्यावर पुण्यात परत जाऊन राहिलो तर नागरिकत्व जाईल का? ते काढून घेता येतं का?

राहिल्याने जात नाही. नागरिकत्व मिळवलेल्याने मूळ देशात ३ वर्षं राहिलं की ते जातं, असा एक नियम होता. श्नायडर विरुद्ध रस्क (१९६४) ने तो मोडीत काढला. अफ्रॉयिम (१९६७) नंतर तुमची इच्छा नसताना काँग्रेस नागरिकत्व काढू शकत नाही. मात्र ते खोटं बोलून मिळवलं असेल तर रद्द होऊ शकतं. मास्लेन्याक (२०१७) ने अट घातली की ते खोटं नागरिकत्व मिळण्यात खरोखर उपयोगी पडलेलं हवं. किरकोळ विसंगती पुरत नाही. अर्जात प्रत्येक अटक, अगदी नंतर रेकॉर्ड पुसलेली असली तरी, लिहायची ती यासाठीच. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष होणं सोडून बाकी सगळे हक्क जन्माने नागरिक असलेल्यांइतकेच.

पुण्यात राहिलात तरी अमेरिकेचा टॅक्स रिटर्न जगभरच्या उत्पन्नावर भरावाच लागतो, आणि भारतातल्या खात्यांची वर्षातली कमाल एकत्र रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो. आईच्या खात्यात नुसतं सहीचं अधिकारपत्र असलं तरी ते मोजलं जातं.

१५. भारतीय पासपोर्ट ठेवता येईल का? गावची शेतजमीन?

अमेरिका दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, भारत घेतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. जुन्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे, मग त्याची मुदत शिल्लक का असेना. तो रद्द करून समर्पण प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या कार्डाचा) अर्ज. ओसीआयवर भारतात राहता, काम करता येतं, मत देता येत नाही. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. गावची जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर सातबाऱ्यावरची वारसनोंद होईपर्यंत जुना पासपोर्ट, समर्पण प्रमाणपत्र आणि नाव बदललं असेल तर त्याचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा. तलाठी तीनही मागतो, आणि नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं असलं की नोंद अडते.